सोलापुरात बाथरूम नव्याने करताय? महापालिकेची परवानगी कधी लागते

फरशी, टाइल्स, नळ, कमोड बदलायचं असेल तर बांधकाम परवानगी लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 मध्ये घराच्या आतल्या दुरुस्ती-सुधारणेला तशी सूट आहे. मात्र बाथरूम बाहेर वाढवून सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, न्यायचं असेल, गच्चीवर नवं बांधायचं असेल किंवा भार पेलणारी भिंत, बीम, कॉलम यांना हात लावायचा असेल, तर आधी परवानगी घ्या.

पेठांमधल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांबाबत माझा आग्रह जास्त आहे. दगड-मातीची भिंत फोडून मोरीचं बाथरूम करताना वरचं माळवद कशावर टेकलंय, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून वर मोठी टाकी चढवली जाते. 1000 लिटर पाणी म्हणजे 1 टन वजन, टाकीचं वेगळंच. स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा.

अर्ज कलम 44 खाली मालकाच्या नावाने होतो. नकाशे परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्ट तयार करून दाखल करतो. सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, खरेदीखत, आधी मंजूर झालेला नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली मंजुरी), घरपट्टी भरल्याची पावती आणि ओळखपत्र जवळ ठेवा. भिंती हलणार असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, सहमालकांची लेखी संमती घ्या. खरा वेळ इथेच जातो.

जुना मंजूर नकाशा नीट पाहा. आत्ताचं बाथरूमच त्यात नसेल, तर अभियंत्याला ते पहिल्याच भेटीत सांगा. नियमात बसणारं बांधकाम शुल्क भरून नियमित करता येतं, पण लपवलेलं पाहणीत उघडं पडतं.

फ्लॅट असेल तर आतल्या कामालाही सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर 2-3 दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. त्यानंतरच फरशी बसवा.

मिळालेली परवानगी 1 वर्ष चालते. काम रखडलं तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. विनापरवाना कामाला कलम 53 ची नोटीस येऊ शकते, त्यात बांधलेलं पाडायला सांगतात.