वर्षभराचा डोस, सव्वा मिलिग्रॅमच्या आत

पाळी गेल्यावर येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र आपणहून जात नाही, वयाबरोबर वाढतच जातो. खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, हे सगळं आपल्याकडे अंगावर काढलं जातं. डॉक्टरांपुढे फार तर लघवीचं सांगितलं जातं.

मूळ एकच. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं हार्मोन घटलं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं आणि त्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आटतो. त्यावर पोसले जाणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथलं आम्ल टिकवून धरतात. ते कमी झाले की पीएच (आम्ल जितकं कमी तितका हा आकडा जास्त) पाचाच्या वर जातो आणि मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या जंतूंचं फावतं. वारंवार असा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवरची एक चाचणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. योनीमार्गात एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा!

योनीमार्गात ठेवायच्या इस्ट्रोजेनचे क्रीम, छोटी गोळी किंवा तीन महिने आत राहणारी रिंग, असे प्रकार आहेत. एस्ट्राडिऑल या इस्ट्रोजेनची १० मायक्रोग्रॅमची गोळी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा ठेवायची. वर्षाची बेरीज साधारण १.१४ मिलिग्रॅम होते. पोटातून घ्यायची एस्ट्राडिऑलची गोळी बहुधा रोजचीच १ मिलिग्रॅमची असते. योनीमार्गातल्या गोळीच्या इतक्या कमी मात्रेतलं फारच थोडं रक्तात उतरतं, त्यामुळे गरम वाफांवर तिचा उपयोग नाही. क्रीमची मात्रा मात्र आपण किती लावतो त्यावर ठरते, म्हणून मापाची नळी वापरायची.

तरी भीती आहेच. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पोटातून घ्यायच्या, इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त हार्मोन गोळ्यांचे धोके दिसले आणि पुढच्या वर्षी इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर इशाऱ्याची चौकट आली, या क्रीमवरसुद्धा. ती काढण्याची घोषणा तिथल्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये केली. फारच उशीर केला.

गुण यायला काही आठवडे लागतात. औषध थांबवलं की त्रास बहुधा परततो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर वापरून पाहतात आणि पुढचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घेतात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एखादा डाग जरी, तर मात्र क्रीम लावून वाट पाहू नये, आधी तपासणी.