शेण नैसर्गिक, म्हणून विहिरीला धोका नाही?

'शेण-मूत मातीत मुरलं की माती ते गाळून घेते, खाली शुद्ध पाणीच पोचतं,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चार गाईंच्या गोठ्यापुरतं हे बहुतेक वेळा निभावतं, कारण शेणातलं नत्र पीक उचलतं. हजारो गाईंच्या डेअरीला ते लागू पडत नाही.

माती घन भाग आणि बरेचसे जंतू अडवते, नायट्रेट मात्र अडवत नाही. शेणातल्या नत्राचं अमोनियम होतं आणि ते मातीच्या कणांना चिकटतं. पण जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच, त्यामुळे ते पाण्याबरोबर खाली उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तर ते आटून नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यातल्या विहिरींत हेच घडलं. जानेवारी २०१५मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं निकाल दिला, की पिकाच्या गरजेपेक्षा जास्त ओतलेलं आणि साठवण तळ्यांतून झिरपणारं शेणपाणी कायद्यानं घनकचराच ठरतं. पुढच्या तडजोडीत डेअऱ्यांना तळ्यांना अस्तर घालणं आणि बाधित घरांना पिण्याचं पाणी पुरवणं मान्य करावं लागलं.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या डेअरीलगत विहीर असेल, तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.