पादचाऱ्याचा अपघाती मृत्यू आणि चालकाची फौजदारी जबाबदारी

वाहनाच्या धडकेने पायी जाणारी व्यक्ती दगावली, तर चालक गुन्हेगार कधी ठरतो आणि कोणत्या गुन्ह्याचा, हा फौजदारी कायद्यातील एक जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. मृत्यू घडला म्हणून गुन्हा घडलाच, असे कायदा मानत नाही. चालकाच्या वागण्यात दोष होता आणि मृत्यू त्याच दोषामुळे झाला, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध व्हाव्या लागतात. लोकांचे लक्ष बहुधा पहिलीवर असते. अवघड असते ती दुसरी.

दोषाच्या पायऱ्या असतात. क्षणभराची चूक, उघड बेदरकारपणा आणि ‘यात कुणी मरू शकेल’ हे ठाऊक असूनही केलेले कृत्य, या तिन्हींना एकच माप लावता येत नाही. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९३७ साली अँड्र्यूज खटल्यात स्पष्ट केले, की नुकसानभरपाईला पुरेल एवढी निष्काळजी मनुष्यवधाला पुरत नाही; त्यासाठी ती फार वरच्या दर्जाची असावी लागते. पण मोटारचालकाला मनुष्यवधाचा दोषी ठरवायला ज्यूरीच कचरत असत. त्यामुळे १९५६ मध्ये धोकादायक वाहनचालनाने मृत्यू घडवण्याचा वेगळा गुन्हा निर्माण झाला, आणि २००६ च्या कायद्याने नुसत्या निष्काळजी चालनाने झालेल्या मृत्यूचाही. सक्षम व सावध चालकाच्या तुलनेत आरोपीचे चालवणे किती खाली घसरले होते, ही तिथली कसोटी आहे.

भारतात दंड संहितेचे कलम ३०४अ हयगयीने किंवा अविचाराने घडवलेल्या मृत्यूसाठी जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद सांगत होते. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती मर्यादा पाच वर्षांवर नेली. जाणीव सिद्ध झाली तर मात्र सदोष मनुष्यवधाचे कलम लागते. मुंबईत २००६ साली पदपथावर झोपलेल्या सात जणांचा जीव घेणाऱ्या मद्यधुंद चालकाची त्याखालील तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

कार्यकारणाचा प्रश्न बव्हंशी गणिताचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. पाय ब्रेकवर जाण्यात एक सेकंद गेला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद असा उतरत गेला, तर ती सुमारे २८ मीटरांत थांबते. ताशी ७० ने आलेली गाडी त्याच जागी अजून ताशी ५८ च्या आसपास असते. मर्यादेत चालवले असते तर माणूस वाचला असता का, हे तपासनीस टायरच्या खुणा, शरीर फेकले गेलेले अंतर आणि गाडीतल्या नोंदींवरून काढतात. उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे आले, तर नियमभंगाची शिक्षा होऊनही चालक मृत्यूच्या आरोपातून सुटू शकतो. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९५७ मध्ये असेच प्रकरण आले होते, फक्त मृत व्यक्ती सायकलस्वार होती. ट्रकचालकाने तिला ७५ सेंटिमीटर इतक्या कमी अंतराने ओलांडले; पण ती इतकी दारू प्यायलेली होती, की पुरेसे अंतर ठेवूनही परिणाम बहुधा तोच झाला असता. चालक निर्दोष ठरला. मृताच्या नातलगांना हा निकाल पटणे कठीणच.

पादचाऱ्याची चूक हा स्वतःहून बचाव होत नाही. तो अचानक आडवा आला आणि त्याला टाळणे अशक्य होते, एवढे दिसले तर चालक सुटतो. दिसत असूनही वेग कमी केला नाही, तर नाही. इतर लोक नियम पाळतील असा विश्वास चालकाने ठेवावा, हे तत्त्व जर्मन कायदा मानतो, पण मुले, वृद्ध व असहाय व्यक्ती समोर असताना ते चालत नाही. हे योग्यच आहे. चेंडूमागे धावणाऱ्या मुलाकडून सिग्नलची अपेक्षा धरता येत नाही.

चक्कर किंवा झटका आल्याने ताबा सुटला, तर ते कृत्य चालकाचे मानले जात नाही. गाडीत शिरलेल्या मधमाश्यांचे उदाहरण इंग्रजी निकालांत यासाठीच येते. झोपेची गोष्ट निराळी. डोळे मिटल्यानंतरच्या क्षणासाठी नव्हे, तर पेंग येत असताना चालवत राहिल्याबद्दल दोष लागतो. डॉक्टरांनी मनाई केलेल्या रुग्णालाही हेच लागू.

पळून जाणे हा बहुतेक देशांत निराळा अपराध आहे, मग धडकेत चूक कुणाचीही असो. भारताच्या नव्या संहितेत मृत्यूस कारणीभूत ठरून, पोलिसांना न कळवता पळणाऱ्या दोषी चालकासाठी दहा वर्षांपर्यंतची तरतूद आहे. ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, १ जुलै २०२४ ला संहिता लागू होताना, तेवढे उपकलम मात्र बाजूला ठेवले गेले.

भरपाईचा हिशेब वेगळा. तिथे संशयाचा फायदा नसतो, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. फ्रान्सच्या १९८५ च्या बादँतेर कायद्यानुसार जखमी किंवा मृत पादचाऱ्याची साधी चूक भरपाईच्या आड येत नाही. १६ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींनी तो अपघात मुद्दाम ओढवून घेतला नसेल, तर त्यांची गंभीर चूकही आड येत नाही.