नॉर्मंडी जहाज का उलटलं?

‘नॉर्मंडी’ हे फ्रेंच प्रवासी जहाज जर्मन हेरांनी पेटवून बुडवलं, ही गोष्ट अजूनही फिरते. चौकशीत घातपाताचा काडीचाही पुरावा मिळाला नाही. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या ८८ नंबरच्या धक्क्यावर या जहाजाचं सैन्यवाहू जहाजात रूपांतर चाललं होतं. दिवाणखान्यातले खांब गॅस कटरने कापताना ठिणगी उडाली आणि लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली. जॅकेटांत सावरीचा कापूस होता, तो क्षणात भडकला. जहाजाची स्वतःची अग्निशमन यंत्रणा तोडून ठेवलेली होती.

आग संध्याकाळीच आटोक्यात आली. जहाज आडवं झालं ते पहाटे पावणेतीनला, आणि खरा अभ्यासाचा भाग इथेच आहे.

जहाज किंचित कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो आणि त्याला परत उभं करतो. या जोराची रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तोवरच जहाज सावरतं. प्रवासी जहाजांत हे अंतर फार नसतं, मीटर-दीड मीटर धरा.

बंबांनी आणि अग्निशमन नौकांनी वरच्या मजल्यांवर हजारो टन पाणी ओतलं. त्याने गुरुत्वमध्य वर गेला. त्याहून घातक होतं ते पाण्याचं मोकळं असणं. परात जरा कलली की सगळं पाणी एका काठाला धावतं, तसंच इथे झालं. याने स्थिरतेत, म्हणजे गुरुत्वमध्य ते मेटासेंटर या अंतरात, होणारी घट मोजता येते: पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, आणि त्याला जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफळाने भागायचं. समजा दालन ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि जहाजाने सारलेल्या पाण्याचं घनफळ ७०,००० घनमीटर. घट येते १.९ मीटर! सूत्रात पाण्याची खोली कुठेच नाही. कलण्याचा कोन लहान असेतो उथळ थरसुद्धा तेवढाच घात करतो. मधोमध लांबीच्या दिशेने एक उभी भिंत घातली तर मात्र घट चौथाईवर येते, कारण प्रत्येक अर्ध्यात रुंदीचा घन आठपट कमी होतो.

नॉर्मंडीत नेमकी ही भिंत नव्हती. धुराड्यांकडे जाणारे नळ दोन्ही कडांनी वर नेले होते, त्यामुळे मधली दालनं सलग, प्रशस्त झाली. १९३५ मध्ये जगाने वाखाणलेली हीच रचना.

सांगाड्याचे आरेखक व्लादिमिर युरकेविच न्यूयॉर्कमध्येच होते. तळाच्या झडपा उघडा, जहाज काही फूट खाली चिखलावर सरळ बसेल, असं त्यांनी सांगितलं. खालचं पाणी गुरुत्वमध्यही उतरवतं, त्यामुळे सल्ला अगदी योग्य होता. अमेरिकी नौदलाने तो मानला नाही.

१९४३ मध्ये वरचे मजले कापून, पाणबुड्यांकडून भोकं बुजवून आणि टप्प्याटप्प्याने पाणी उपसून जहाज उभं केलं. ते पुन्हा चाललं नाही. १९४६ मध्ये भंगारात गेलं.