ओमानी खंजीर आणि चांदीला दिलेला ताव

हल्ली रील्समध्ये अरबी खंजीर दिसला की खाली ठरलेलं कॅप्शन असतं, दमास्कसचं पोलाद, हवेत केस कापतो वगैरे. ओमानच्या खंजिराबाबत हे पार उलटं आहे. तिथे भाव पात्याला नसतो, मुठीला आणि म्यानाला असतो. पातं म्यानाच्या वळणापर्यंतच जातं, पुढचं जवळजवळ काटकोनात वळलेलं टोक नुसतं शोभेचं. २०२२ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं तेसुद्धा खंजीर घडवायचं कसब आणि तो कमरेला बांधायची रीत.

खरी करामत चांदीची आहे. ओमानच्या निझवा, सूर या भागातले कारागीर पूर्वी मारिया थेरेसा थालर ही ऑस्ट्रियाची नाणी वितळवून चांदी काढायचे. नाण्यावरची ही राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तेच साल टाकून नाणी पुढेही पाडली जात राहिली आणि अरबस्तानात सर्रास चालली. नाणं २८ ग्रॅमचं, त्यात चांदी ८३.३ टक्के, बाकी मुख्यतः तांबं.

या चांदीचा पत्रा ठोकायचा, तार ओढायची आणि ती बारीक तार वळवून म्यानावर जाळीदार नक्षी बसवायची. पण ठोकता ठोकता चांदी कडक होते आणि तसंच रेटलं तर तडकते. हे का होतं ते मला फार आवडतं.

धातूत अणूंचे थर असतात, पण रचना कधीच परफेक्ट नसते, मधेच एखादी रांग अर्धवट घुसलेली असते, तिला डिसलोकेशन म्हणतात. मोठी सतरंजी अख्खी ओढायला जड जाते, पण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सहज सरकते, डिसलोकेशन धातूतून तशीच सरकते आणि धातू वाकतो. म्हणजे चांदीला आकार देता येतो तो या दोषामुळेच! पण प्रत्येक घावाने नवीन डिसलोकेशन तयार होतात, चांदीच्या अणूंच्या मांडणीत (तिला एफसीसी जाळी म्हणतात) घसरायची प्रतलं चार वेगवेगळ्या दिशांची असल्यामुळे त्या एकमेकींना छेदतात, अडकतात, गुंता होतो आणि मग कुणालाच सरकता येत नाही, म्हणून कडकपणा.

मग ताव द्यायचा, म्हणजे चांदी तापवायची. ६०० अंशांच्या आसपास अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा मिळते आणि गुंता झालेल्या स्फटिककणांच्या (धातू अशा बारीक कणांचाच बनलेला असतो) जागी नवे, स्वच्छ कण वाढतात. चांदी परत मऊ. जास्त तापवलं तर कण मोठे होऊन पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि धोका आणखी एक आहे, शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते पण तांबं मिसळलेल्या या चांदीचा बराचसा भाग ७७९ अंशांनाच पातळ होतो. कारागीर थर्मामीटर लावत नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात धातूवर मंद लाली दिसली की ज्योत बाजूला घेतो. पुन्हा ठोकायचं, पुन्हा ताव.

मुठीसाठी पूर्वी गेंड्याच्या शिंगाला फार मान होता, आता चंदन आणि इतर साहित्य वापरतात ते उत्तमच. ते शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच, लोक समजतात तसं त्यात औषध वगैरे काही नाही. आसाम सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली, फार योग्य केलं.

तसंच चांदी काळी पडण्याचं. बाळाचे वाळे काळे पडले की चांदीने दृष्ट ओढून घेतली म्हणतात. हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, एवढंच. खंजिरावर हाच थर नक्षीच्या खाचांत राहतो आणि वरचा भाग हाताळून चमकतो, त्यामुळे काम उठून दिसतं. म्हणून कुणाकडे जुना खंजीर असेल तर तो केमिकल डिपमध्ये बुडवू नका, मऊ कापडाने वरवर पुसा.