नायगाराच्या पुलावरचा कुत्रा आणि तीन वेगळे 'सहा महिने'

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या एखाद्या कुटुंबाने शनिवारी सकाळी गाडी काढावी, मागच्या सीटवर कुत्र्याला बसवावं, नायगारा नदीवरचा पूल ओलांडून अमेरिकेतल्या बफेलोला जावं आणि रात्री जेवायला घरी परत यावं, यात २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत कुणालाच विशेष काही वाटत नसे. रेबीजच्या लशीचा दाखला गाडीच्या कप्प्यात असला की झालं. तोही दर वेळी कुणी मागायचंच असं नाही. खरं तर या सीमेवर रस्त्याने जाणाऱ्या माणसांनाही पासपोर्ट किंवा त्या तोडीचा कागद सक्तीचा झाला तो १ जून २००९ पासून. कुत्र्याची पाळी त्यानंतर पंधरा वर्षांनी आली.

कुत्रे आणण्याबाबतचा अमेरिकेचा मूळ नियम १९५० च्या दशकातला. तेव्हा अमेरिकेतलेच कुत्रे पिसाळत होते. पुढे लसीकरणाने चित्र पालटलं आणि २००७ मध्ये कुत्र्यांमधला रेबीज देशातून गेल्याचं जाहीर झालं. इथे अनेकांची गल्लत होते. गेला तो कुत्र्याकडून कुत्र्याला होणारा प्रकार. रॅकून आणि स्कंक (दोन्ही तिकडचे मांजराएवढे रानटी प्राणी), कोल्हे आणि वटवाघळांमधले प्रकार दोन्ही देशांत आजही आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये नायगारापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या हॅमिल्टनमध्ये पालिकेच्या प्राणी पकडणाऱ्या गाडीत एका रॅकूनची दोन कुत्र्यांशी झटापट झाली. तपासणीत त्या रॅकूनला रेबीज निघाला. ओंटारिओत रॅकूनच्या प्रकारचा रेबीज दहा वर्षांनी पुन्हा दिसला होता. विषाणूचं मूळ शोधलं तर ते न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागात निघालं. बहुधा एखाद्या ट्रकमध्ये चढून ते जनावर इथवर पोचलं असावं, अर्थात कसलाही कागद न दाखवता.

नियम कडक झाले त्याचं कारण मात्र हा पूल नव्हता, विमानतळ होते. करोनाच्या काळात घरोघरी पिल्लांची मागणी वाढली आणि त्याबरोबर लशीचे खोटे दाखले जोडून परदेशातून येणारे कुत्रेही वाढले. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून शिकागोला उतरलेल्या ३३ कुत्र्यांपैकी एकाला पुढे पेनसिल्व्हेनियात रेबीज झाल्याचं सिद्ध झालं. १४ जुलै २०२१ पासून अमेरिकेने शंभरहून अधिक 'जास्त धोक्याच्या' देशांतून कुत्रे आणण्यावर तात्पुरती बंदी घातली. त्या यादीत भारत होता आणि अजूनही आहे. त्याच वर्षी इराणहून ओंटारिओत आणलेल्या एका कुत्र्याला रेबीज निघाला. २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडानेही अशा देशांतून व्यापारी हेतूने कुत्रे आणणं बंद केलं. दत्तक देण्यासाठी आणलेले कुत्रेही व्यापारीच धरले गेले, त्यामुळे भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना कॅनडात घर मिळवून देणाऱ्यांचं काम थांबलं. घरचा पाळीव कुत्रा मालकाबरोबर येऊ शकतो.

मग मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण यंत्रणेने कायमचा नियम जाहीर केला. तो १ ऑगस्टपासून लागू होणार होता. कुत्रा कुठूनही येवो, वय किमान सहा महिने, अंगात ओळख पटवणारी मायक्रोचिप, ऑनलाइन अर्ज, आणि कॅनडात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याची मोहोर असलेला कागद. अर्ज एका प्रवेशापुरता. म्हणजे दर शनिवारच्या फेरीला नवा अर्ज.

यावरून सीमेच्या दोन्ही बाजूंना जे रान उठलं ते समजण्यासारखं आहे. फ्लोरिडात हिवाळा काढणारे निवृत्त लोक, शिकारी, डॉग शो आणि स्लेजच्या शर्यतींना जाणारे, सगळेच अडकले. सर्वांत विचित्र कोंडी झाली ती कँपोबेलो बेटाची. हे बेट न्यू ब्रन्सविकचं, म्हणजे कॅनडाचं, पण तिथून निघणारा एकमेव पूल अमेरिकेतल्या मेन राज्यात उतरतो. उन्हाळ्यातली फेरीबोट सोडली तर आपल्याच प्रांतात जायला अमेरिकेतून जावं लागतं. नियम शब्दशः लावला तर बेटावरच्या चार महिन्यांच्या पिल्लाला पुलापलीकडच्या व्हेटकडेही नेता येणार नाही. पश्चिमेला पॉइंट रॉबर्ट्सचा प्रकार याच्या उलट: गाव अमेरिकेचं, पण बाहेर पडणारा रस्ता कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून.

सहा महिन्यांच्या अटीमागचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत देत नाहीत आणि पहिल्या लशीनंतर ती प्रभावी मानायला २८ दिवस जावे लागतात. शिवाय कागदावर वय काहीही लिहिता येतं, पण साधारण सहा महिन्यांपर्यंत कायमचे दात आलेले असतात. अधिकाऱ्याने ओठ वर करून पाहिलं की खोटं उघड पडतं. अडचण इतकीच, की हा उपाय मालवाहू विमानातून येणाऱ्या पिल्लांच्या पिंजऱ्यांसाठी होता आणि तो दोन घटका पलीकडे जाऊन येणाऱ्या घरच्या कुत्र्यालाही सरसकट लावला. ज्या दोन देशांत कुत्र्यांमधला रेबीज फिरतच नाही त्यांच्यातल्या पुलावर सरकारी मोहोर मागणं हा अतिरेकच होता.

यंत्रणेलाही ते उमगलं असावं, कारण २२ जुलैला, अंमलबजावणीच्या दहा दिवस आधी, तिने बरंच मागे घेतलं. कमी धोक्याच्या देशांतल्या कुत्र्यांसाठी मोहोरेचा कागद गेला आणि फक्त ऑनलाइन अर्ज राहिला. तो फुकट आहे, त्यावर कुत्र्याचा फोटो लागतो, आणि त्याच देशातून येणार असाल तर एकच पावती सहा महिने कितीही फेऱ्यांना चालते. चिप आणि वयाची अट मात्र कायम राहिली.

आता घोळ होतो तो या 'सहा महिन्यां'चा, कारण नियमात ते तीनदा येतात आणि तिन्ही वेळा वेगळ्या अर्थाने. एक, कुत्र्याचं वय. दोन, पावतीची मुदत. आणि तीन, गेल्या सहा महिन्यांत कुत्रा कोणकोणत्या देशांत होता. पहिले दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात. तिसरा भारतातून आलेल्यांना नडतो.

समजा, पुण्याहून टोरंटोला कायमच्या राहायला आलेल्या कुटुंबाने कुत्राही आणला. कॅनडात तो रेबीजच्या लशीच्या दाखल्यावर आला, आणि दुसऱ्या महिन्यात सगळे नायगाराला निघाले. अमेरिकेच्या लेखी तो कुत्रा अजून भारतातलाच. भारतात लस घेतलेल्या अशा कुत्र्याला रस्त्याने प्रवेशच नाही. त्याने विमानाने, तेही ठरावीक विमानतळांवरच उतरायचं. नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखायची, तिथे तपासणी होणार, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली रक्तचाचणी सोबत नसेल तर २८ दिवस विलगीकरण. अर्जात गेल्या सहा महिन्यांतले देश विचारलेले असतात, आणि तिथे 'फक्त कॅनडा' लिहिणं ही सरळ खोटी माहिती ठरते. सहा महिने सलग कॅनडात काढले की तोच कुत्रा बाकीच्यांसारखा मागच्या सीटवर बसून जाऊ शकतो. तोवर कॅनडाच्याच बाजूने धबधबा बघावा. तसाही तो तिथूनच चांगला दिसतो.

परतीच्या वाटेवर कॅनडाची मागणी जुनीच आहे: तीन महिन्यांवरच्या कुत्र्याला व्हेटच्या सहीचा रेबीजचा दाखला. अमेरिकेच्या अर्जाची पावती मोबाइलवर आली म्हणून हा दाखला घरी ठेवून निघणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना अडचण येते ती जाताना नाही, येताना.