नवऱ्याची धातू तपासणी: नमुना देण्याआधी दोघांनीही वाचा

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की गावात सगळ्यांच्या नजरा बाईकडे वळतात. आमच्या लॅबच्या काउंटरवर येणाऱ्या फायलीही तेच सांगतात. बाईची सोनोग्राफी तीनदा, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीची तपासणीसुद्धा. त्यासाठी नागपूर-अमरावतीच्या चकरा, आणि त्या खर्चापायी पडत्या भावात विकलेलं सोयाबीन. एवढ्या जाड फायलीत नवऱ्याच्या तपासणीचा एक कागद नसतो. हे पाहून आम्हाला दरवेळी वाईट वाटतं.

मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं तर कधी बाईकडच्या कारणासोबत. धातू तपासणीला, म्हणजे वीर्य तपासणीला, सुई लागत नाही, भूल लागत नाही. वर्षभर नियमित संबंध असून दिवस गेले नसतील, तर दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू करा. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

नमुना कसा द्यायचा

आधी 2 ते 7 दिवसांचं अंतर ठेवा. या काळात संबंध नको आणि हस्तमैथुनही नको. पंधरा दिवस थांबलं तर काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, वाढेल असं काहींना वाटतं. पण जास्त साठलं की मेलेल्या शुक्राणूंचं प्रमाण वाढतं आणि चाल कमी दिसते.

नमुना हस्तमैथुन करूनच द्यायचा आहे. हात आणि लिंग धुऊन कोरडं करा. तेल, साबण, व्हॅसलीन, थुंकी काही लावू नका. साधा निरोध वापरू नका, त्याच्यावरच्या चिकट द्रवाने शुक्राणू मरतात. डबी आम्ही देतो. पहिला थेंब बाहेर सांडला तर लाजू नका, तसं सांगा. सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात आणि तो गेला तर रिपोर्ट खोटा कमी येतो.

शक्यतो इथेच, लॅबच्या खोलीत द्या. आतून कडी आहे, वेळेची घाई नाही, बायकोला सोबत आणलं तरी चालतं. ज्यांना इथे जमतच नाही त्यांनी घरून आणावा, पण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तो आमच्या हातात पडला पाहिजे. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा. एका दादांनी लसीसारखा बर्फात घालून आणला होता, मोठ्या काळजीने, तीस किलोमीटरवरून. थंडीने शुक्राणूंची चाल मंदावते, तो नमुना वाया गेला. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्याचंही तेच होतं. दूरच्या गावांना म्हणूनच आमचं सांगणं आहे की पहिल्या एसटीने या आणि इथेच द्या. बाजाराचा दिवस मात्र टाळा.

आम्ही काय बघतो

ताजं वीर्य घट्ट, चिकट असतं. 37 अंशांवर ठेवलं की साधारण 15 ते 60 मिनिटांत पातळ होतं, तोवर थांबावं लागतं. मग प्रमाण मोजतो आणि एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहतो. काही शुक्राणू सरळ पुढे धावत असतात, काही जागच्या जागी वळवळतात, काही निपचित असतात. निदान 200 मोजायचे, आणि ते दोनदा.

पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात सोयाबीनचे 100 दाणे ठेवून उगवण बघतो. 70 उगवले तर बियाणं बरं म्हणतो. इथे तो हिशेब लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य 1.4 मिली, दर मिलीला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण 3 कोटी 90 लाख, शंभरात 42 हलणारे, त्यांतले 30 पुढे जाणारे. आणि आकाराने बिनचूक? शंभरात फक्त 4. '4 टक्के नॉर्मल' वाचून घाबरून रडणारे लोक आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे ठळक सांगतो.

हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांच्या तपासणीतून. त्या शंभर बापांपैकी पाच जण या रेषेच्या खालीच होते. म्हणजे आकडा खाली आला तर मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आला तर होईलच असंही नाही.

एकही शुक्राणू दिसला नाही तर आम्ही लगेच 'निल' लिहीत नाही. नमुना मशीनवर फिरवून तळाचा साका पुन्हा तपासतो. निल आला तरी दुसरा नमुना द्याच. कधी शुक्राणू तयार होतात पण नळी बंद असते, आणि त्यावर उपाय असू शकतो. तो डॉक्टरच सांगतील.

रिपोर्ट कमी आला तर

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू-मलेरियाचा सडकून ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसू शकतो. त्यामुळे ताप, चालू औषधं, मधुमेह, गोटीचं (अंडकोषाचं) किंवा हर्नियाचं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर लिहा. गोटीच्या वरच्या नसा फुगल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. खर्रा, बिडी आणि दारू सोडा. फवारणी करताना हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ताकदीसाठी किंवा अंग भरावं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका. ती घेतली की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं, काउंट निलवरही जातो.

काउंटचा आणि मर्दपणाचा काही संबंध नाही. संबंध उत्तम असणाऱ्याचाही काउंट निल असू शकतो. मुलगा होईल की मुलगी, हे या तपासणीत कळत नाही. तसं कुणी विचारूही नये.

नसबंदी झालेल्यांनीही तीन महिन्यांनी एकदा तपासणी करावी, तोवर निरोध वापरावा.

रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा आहे त्याच्याच हातात देतो. भाऊ, सासरे, आशाताई, कुणीही विचारलं तरी फोनवर सांगत नाही. नाव पुकारत नाही, नंबर पुकारतो.